करुणा रांगेत नव्हती

शिरूरच्या दवाखान्याला आग लागल्याची बातमी नवनाथला दौंडात कळली, आणि त्याच दमात सगळे सुखरूप असल्याचंही कळलं. नंतर आठवताना त्याला आगीपेक्षा या दुसऱ्या बातमीचा संताप जास्त यायचा.

जानेवारीतली दुपार होती. नवनाथ दौंडला रेल्वेच्या वॅगन शेडमध्ये फिटर. आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचं आणि सुट्टीला शिरूरला घरी जायचं, असं त्याचं बरीच वर्षं चाललेलं. जेवणाची सुट्टी संपत आली होती. शेजारच्या सोबत्यानं मोबाइल पुढं धरला आणि विचारलं, वहिनी कामाला आहेत तो दवाखाना हाच का. व्हिडिओत दवाखान्याच्या पुढच्या जिन्याच्या काचांतून काळा धूर निघत होता. खाली गेटपाशी सिस्टर, मावश्या आणि वॉर्डबॉय एका रांगेत उभे होते. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, सर्व पेशंट व स्टाफ सुखरूप बाहेर.

रांगेत करुणा दिसते का ते नवनाथनं पाहिलं, पण व्हिडिओ काढणाऱ्याचा हात हलत होता. त्यानं तिला फोन लावला. रिंग वाजत राहिली. ड्युटीवर ती फोन कपाटात ठेवायची, त्यामुळं त्याचं त्याला काही वाटलं नाही. मग त्यानं दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीला लावला. ती ठाम बोलली. काका, सगळे बाहेर आलेत, प्रतिभासिस्टरनी मोजलंय.

नवनाथनं देवाधर्माचं नाव कधी घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. नुसता सुटकेचा श्वास टाकला आणि कॅन्टीनमध्ये जाऊन चहा प्यायला. तो चहा त्याला आजही आठवतो.

तो परत वॅगनखाली शिरला होता तेव्हा तेजश्रीचा फोन आला. तेजश्री त्याची एकुलती मुलगी, पुण्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सुट्टीला घरी आली होती. आग कळल्याबरोबर ती दवाखान्याकडं पळाली होती.

"पप्पा, मम्मी सापडत न्हाई," ती म्हणाली.

"मोजल्यात म्हनं की सगळी."

"मोजल्यात. पर मम्मी न्हाई त्यात."

सोबत्याची मोटारसायकल घेऊन तो निघाला. पाटस, चौफुला, न्हावऱ्याचा रस्ता. उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून चाललेल्या, ओलांडायला जागा देत नव्हत्या. न्हावऱ्याच्या अलीकडं पुन्हा फोन वाजला. त्यानं गाडी कडेला घेतली. तेजश्री म्हणाली, सापडली. त्यानं विचारलं, कुठं. ती म्हणाली, वर, मागच्या दारापाशी. मग तिनं फोन ठेवलाच नाही. पलीकडून नुसते माणसांचे आवाज येत राहिले. नवनाथ तिथंच रस्त्याच्या कडेला, कानाला फोन लावून, गाडी चालू ठेवूनच उभा राहिला. मागून आलेल्या ट्रॉलीच्या ड्रायव्हरनं त्याला शिवी दिली तेव्हा तो हलला.

*

करुणा त्या दवाखान्यात मावशी होती. पेशंटचं अंथरूण बदलायचं, त्याला उठवायचं, न्हाऊ-धुवू घालायचं, शौचाला स्टीलचा पॉट द्यायचा. अंगानं अगदी काडी. गावाकडं, कवठे येमाईला, जावा तिला म्हणायच्या की वारं सुटलं तर हिला दावणीला बांधा.

या काडीसारख्या अंगामुळंच दवाखान्यात तिला एक वेगळं काम लागलं होतं. चौदा एप्रिलला अग्निशमन दिन असतो. त्या दिवशी दवाखान्यात आगीची मॉक ड्रिल व्हायची. भोंगा वाजवायचा, एका पेशंटला स्ट्रेचरवरून पुढच्या जिन्यानं खाली आणायचं, सगळ्या स्टाफनं गेटपाशी रांग धरायची, प्रतिभासिस्टरनी माणसं मोजायची आणि फोटो काढायचा. खऱ्या पेशंटला कोण कशाला हात लावतोय. खोटा पेशंट लागायचा, तो उचलायला हलका पाहिजे, म्हणून दरवर्षी करुणा. ती स्ट्रेचरवर डोळे मिटून पडायची आणि चार पोरं तिला खाली आणायची.

चौदा एप्रिल म्हणजे जयंती. बौद्धवाड्यातल्या बाकीच्या बाया सकाळपासून पांढऱ्या साड्या नेसून पुतळ्यापाशी असायच्या. करुणा ड्रिल उरकून मग जायची. नवनाथला म्हणायची, वर्षातनं एकदा मला कुणीतरी उचलतं, तुम्ही तर लग्नात बी उचललं न्हाई. तो म्हणायचा, तवा बी उचलली असती, पर तू वाऱ्यानं गेली असती. फोटो आला की दोघं हसायची. फोटोत ती डोळे मिटून पडलेली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं.

करुणा गेल्यावर पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्या दिवशी दवाखान्यानं फ्लेक्स पाठवला. समाजमंदिराच्या भिंतीला कुणीतरी तो बांधूनही टाकला होता. भन्तेजींचं त्रिशरण चालू होतं आणि नवनाथची नजर वर गेली. फ्लेक्सवर तोच फोटो होता. करुणा स्ट्रेचरवर, डोळे मिटलेले. खाली लिहिलेलं, कर्तव्यावर प्राण अर्पण करणाऱ्या आमच्या करुणामावशींना भावपूर्ण आदरांजली.

दवाखान्याकडं तिचा दुसरा फोटोच नव्हता. इतकी वर्षं तिथं राबली, पण कॅमेऱ्यापुढं ती फक्त ड्रिलच्या दिवशी यायची आणि तेही पडून.

नवनाथ उठला. भन्तेजी थांबले नाहीत, पण बसलेली माणसं बघत राहिली. त्यानं फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या, फ्लेक्स गुंडाळला आणि बाहेर नेऊन दवाखान्याच्या मॅनेजरच्या गाडीच्या टपावर ठेवला. मॅनेजरला सगळे साई सर म्हणायचे. तिशीतला पोरगा, बोलायला गोड. तो म्हणाला, काका, आमच्या भावना समजून घ्या. नवनाथ परत येऊन जागेवर बसला.

*

माणसं पांगल्यावर प्रतिभासिस्टर एकट्या मागं राहिल्या. वॉर्डची इनचार्ज बाई, करुणापेक्षा थोडी मोठी. दोघींनी डबे वाटून खाल्लेले. त्या नवनाथपुढं जमिनीवर बसल्या आणि त्यांनी त्या दुपारचं सांगितलं.

आग जिन्याखालच्या विजेच्या खोलीत लागली होती. भोंगा वाजल्यावर वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी शिकवल्याप्रमाणं केलं. पेशंट उचलले, पुढच्या जिन्यानं खाली आणले. धूर तेव्हा छताशी होता, शेवटचा पेशंट आणला तेव्हा छातीपर्यंत खाली उतरला होता. गेटपाशी रांग धरली. प्रतिभासिस्टरनी रांगेवरून नजर फिरवली. नेहमीची माणसं नेहमीच्या जागी होती. अग्निशामकवाल्यांनी विचारलं, वर कुणी राहिलंय का. सिस्टर म्हणाल्या, नाही, सगळे आले. म्हणून त्यांनी आधी विजेची खोली विझवायला घेतली.

"तुम्हाला ती दिसली न्हाई व्हय?" नवनाथनं विचारलं.

"भाऊ, ती रांगेत कधी नसायचीच," प्रतिभासिस्टर म्हणाल्या. "दरवर्षी ती स्ट्रेचरवर असायची. तिच्याबिगर रांग पुरी व्हायची. मी तशीच मोजली."

नवनाथला वाटलं, या बाईला काहीतरी लागेल असं बोलावं. पण ती इतकी वाकून बसली होती की तिला अजून वाकवायला जागा नव्हती. तो म्हणाला, जा घरी. ती गेल्यावर मात्र त्याचा राग कुठंच मावेना. राग या बाईवर धरावा तर ती शिकवल्यासारखं वागली होती. शिकवणंच तसलं होतं.

*

करुणाबरोबर वर आणखी एक माणूस होता आणि तो जगला होता. केंदूरचे चांदभाई. मोठ्या अंगाचा म्हातारा, मांडीत रॉड टाकलेला. त्या दिवशी दुपारी त्यांना डिस्चार्ज मिळाला होता. कागदावर ते घरी गेले होते. प्रत्यक्षात मुलगा शोएब जीप घेऊन येईपर्यंत शेवटच्या खोलीत पलंगावर बसून होते. त्यामुळं पेशंट मोजले तेव्हा तेही कमी पडले नाहीत.

नवनाथ केंदूरला गेला तेव्हा चांदभाई ओट्यावर वॉकर पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांची बायको रजिया हिनं पाणी दिलं आणि ती आत जाऊन दाराआड उभी राहिली. बराच वेळ कांद्याच्या भावाचं बोलणं झालं. मग चांदभाईंनी आपणच विषय काढला.

सगळे खाली पळाले तेव्हा करुणाही जिन्यापर्यंत गेली होती. तिथून परत फिरली. म्हणाली, शेवटच्या खोलीतलं आजोबा ऱ्हायलं. तिनं एकटीनं गादीसकट त्यांना जमिनीवर घेतलं आणि गादी ओढत मागच्या दारापर्यंत आणली. पुढच्या जिन्यात तेव्हा काहीच दिसत नव्हतं. मागच्या दारापलीकडं रॅम्प आहे, पेशंटचा गाडा थेट खाली नेता येतो असा उतार. दाराला कुलूप होतं.

"मी म्हनलो, बाई, चावी कुणाकडं हाय," चांदभाई म्हणाले. "तर म्हनली, मीच आत्ता जेवायच्या टायमाला खाली दिली."

ते खरं होतं. रोज दुपारी ते कुलूप करुणाच लावायची. पूर्वी, रॅम्प मोकळा असताना, खेड्यातनं आलेले नातेवाईक रॅम्पनं वर चढायचे, भाकऱ्या सोडून तिथंच बसायचे, तिथंच हात धुवायचे. एकदा कुणाचा तरी मोबाइल गेला. तेव्हा सिस्टर लोकांनीच मोठ्या डॉक्टरांकडं धोशा लावला की दुपारचं दार बंद ठेवा. नियम झाला, कुलूप लावून चावी खाली वॉचमनकडं द्यायची. करुणालाही तो नियम बरा वाटायचा. घरी येऊन सांगायची, आता तरी पुसलेली फरशी पुसलेली ऱ्हाती.

"दाराखाली एवढीशी फट व्हती," चांदभाईंनी बोटानं दाखवलं. "तिनं माझं तोंड तिथं लावलं. ओली चादर डोक्यावर टाकली. मी म्हनलो, तू बी वाक. म्हनली, मग दार कोन वाजवंल. पॉटनं वाजवत व्हती. लय येळ वाजवलं तिनं, नवनाथभाऊ. मग वाजवायचं थांबलं. मी काय फटीवरनं तोंड काढलं न्हाई."

दाराआडून रजियाच्या रडण्याचा आवाज आला. चांदभाईंनी वॉकरची दांडी घट्ट धरली होती. नवनाथनं त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हाताऱ्यावर त्याचा राग नव्हता. उलट तो जगला याचं त्याला बरं वाटलं, कारण तो नसता तर करुणा तिथं कशाला गेली होती हे कुणालाच कळलं नसतं. चोरी करायला गेली होती असंही कुणी म्हटलं असतं.

*

पुढचे महिने नवनाथ सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसायचा. त्याचं मागणं एकच होतं. मागचं दार उघडं ठेवा आणि रॅम्प मोकळा करा. रॅम्पवर करोनाच्या वेळचे लोखंडी पलंग रचलेले होते, प्लायवुडची पार्टिशनं होती, एक मोडका फ्रीज होता. म्हणजे त्या दिवशी करुणाच्या हातात चावी असती तरी दार पुरतं उघडलं नसतं. हे त्याला कळलं त्या दिवशी तो मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये इतक्या मोठ्यानं बोलला की बाहेरचे पेशंट उठून आले.

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. शिरूर-दौंड पट्ट्यातल्या निम्म्या लोकांची हाडं त्यांनी जोडली होती. त्यांनी ऐकून घेतलं. भरपाईचं बोलणं केलं. म्हणाले, सरकारी तपासणी झाली आहे, सगळं नियमाप्रमाणं करून घेतोय. साई सरांकडं पाठवलं. साई सर म्हणाले, प्रोसेसमध्ये आहे. पुढच्या खेपेला म्हणाले, दाराचं काम झालं. नवनाथ वर जाऊन बघून आला. दाराला हिरवा रंग दिला होता, वर अंधारात चमकणारी पाटी लावली होती, आपत्कालीन मार्ग. कडीला नवं कुलूप होतं.

त्यानं एका तरुण सिस्टरला, बुशराला, विचारलं की हे काय. ती इकडंतिकडं बघून हळू म्हणाली, "काका, काच फोडून चावी घ्यायची पेटी बसवली होती. आठ दिवसांत कुणीतरी काच फोडली आणि चावीच गेली. मग परत कुलूप."

"आन् रॅम्प?"

"पलंग कुठं ठेवायचे ते ठरत नाही म्हणतात."

नवनाथ खाली आला आणि गेटबाहेरच्या टपरीवर बसला. त्याला कळेना की या लोकांना मारावं की यांच्यापुढं डोकं आपटावं. माणूस मेलं होतं त्या दारापाशी. तरी पलंगांची काळजी जास्त होती.

*

एप्रिल लागला तेव्हा साई सर शिरूरच्या घरी आले. सोबत मिठाईचा पुडा. यंदाच्या ड्रिलला करुणामावशींच्या नावानं सेवा पुरस्कार सुरू करायचा होता. आणि मोठ्या डॉक्टरांनी तेजश्रीला परीक्षा झाल्यावर स्टाफ नर्स म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. मग पाणी पिऊन झाल्यावर साई सरांनी मुद्द्याला हात घातला. ड्रिलमध्ये पेशंट म्हणून यंदा तेजश्री झोपली तर बरं दिसेल. आईच्या जागी मुलगी. लोकांच्या मनाला भिडेल.

नवनाथनं पुडा उचलून त्यांच्या हातात परत दिला. तेजश्रीनं तो परत टेबलावर ठेवला आणि साई सरांना म्हणाली, मी येते.

साई सर गेल्यावर बापलेकीचं जुंपलं.

"तुझी आई तिथं गेली, आन् तू तिथंच डोळं मिटून पडनार?"

"मम्मी पडायचीच की. तवा फोटो बघून तुम्हीच हसायचा."

"तवा मला काय म्हाईत."

"मला बी न्हवतं. आता हाय. मला त्या वॉर्डात जायचंय, पप्पा. तुम्ही बाहेरनं वरडता. बाहेरच्याचं कोन ऐकतंय तिथं?"

नवनाथचा आवाज चढला. तू विकली गेलीस असं काहीतरी तो बोलून गेला. तेजश्रीनं ताट पुढं ढकललं आणि आत जाऊन पडली. चौदा एप्रिलपर्यंत दोघं कामापुरतंच बोलत होती.

*

चौदा एप्रिलला सकाळी दवाखान्यापुढं मांडव होता. रस्त्यावरून जयंतीचे झेंडे लावलेल्या गाड्या जात होत्या, दूर कुठंतरी ढोल चालू होता. तेजश्री आईची पांढरी साडी नेसून आली होती. नगरपरिषदेची अग्निशामक गाडी उभी होती, तिच्यावरचा एक वयस्क माणूस खुर्चीत बसला होता. नवनाथ दौंडहून पहाटेच्या गाडीनं निघून आला होता. तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर स्ट्रेचर मांडलं होतं. भोंगा वाजला. तेजश्री पुढं झाली, तेवढ्यात नवनाथनं चपला काढल्या आणि स्वतःच स्ट्रेचरवर आडवा झाला.

साई सर म्हणाले, "काका, प्लीज. उठा."

"पेशंट मी हाय," नवनाथ म्हणाला. "उचला."

वॉर्डबॉय एकमेकांकडं बघायला लागले. नवनाथ अंगानं भरलेला, वॅगनची कामं करून घट्ट झालेला. चौघांनी दांड्या धरल्या आणि उचललं. एकाचा हात सुटता सुटता वाचला. त्याच्या तोंडून निघून गेलं, मावशी बऱ्या होत्या, पिसासारख्या. आणि मग बोललो काय हे त्याला कळलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"व्हय," नवनाथ म्हणाला. "म्हनून तुम्हाला कवा जड माणूस उचलायची सवयच लागली न्हाई. चला. पुढनं न्हाई, मागनं."

साई सरांनी सांगितलं की रूट पुढच्या जिन्याचा ठरलाय. नवनाथ म्हणाला, पुढं आग हाय. खाली मांडवात माइकवर कुणीतरी कार्यक्रमाला उशीर होतोय असं सांगत होतं. अग्निशामक गाडीवरचा तो वयस्क माणूस वर चढून आला होता. तो म्हणाला, न्या की मागनं, बघू द्या मलाही.

पोरं धापा टाकत मागच्या दारापर्यंत आली. दाराला कुलूप. चावी वॉचमनकडं आणि वॉचमन खाली, गेटपाशी रांगेत, फोटोसाठी टोपी सारखी करून उभा. बुशरा पळत गेली. तो येईपर्यंत पोरांनी स्ट्रेचर खाली टेकवलं. नवनाथ तिथंच पडून राहिला. त्याच्या डोक्याशी दाराखालची फट होती. त्यानं मान वळवून पाहिलं. फटीतून उजेडाची एक रेघ दिसत होती आणि थंड हवा गालाला लागत होती. हिरव्या रंगाखाली पत्र्याला पडलेले पोचे तसेच होते. पॉटनं वाजवलेल्या जागा.

वॉचमन आला. कुलूप निघालं. त्यानं दार ढकललं. दार चार बोटं उघडलं आणि लोखंडाला लोखंड घासून अडलं. पलीकडं पलंग होते. वॉचमननं खांदा लावला, पोरांनी लावला. चार बोटांचं पाचवं बोट झालं नाही.

वयस्क माणसानं फटीतून डोकावून पाहिलं आणि मान हलवली. मग खालून मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला की पाहुणे खोळंबलेत, सगळ्यांनी खाली या. माणसं हायसं वाटल्यासारखी पुढच्या जिन्याकडं वळली. नवनाथ उठला, चपला घातल्या आणि त्यांच्यामागून निघाला. जाताना त्यानं एकदा वळून पाहिलं. तेजश्री दारापाशीच थांबली होती. फटीतून हात घालून ती एका पलंगाचा पाय ओढत होती. तिनंही बापाकडं पाहिलं. त्यानं तिला हाक मारली नाही.

खाली रांग लागली. प्रतिभासिस्टर मोजायला पुढं आल्या. या वेळी नजर फिरवून नाही, एकेकाच्या खांद्याला हात लावून त्यांनी मोजलं. आगीनंतर त्यांनी तसं ठरवलं होतं. शेवटच्या माणसापर्यंत पोचल्यावर त्या म्हणाल्या, पूर्ण. साई सरांनी माइकवर सांगितलं की सर्व स्टाफ आणि पेशंट सुखरूप बाहेर आले आहेत. मांडवात टाळ्या पडल्या.

टाळ्या संपेपर्यंत नवनाथ थांबला.

"माझी पोरगी कुठाय?" त्यानं विचारलं.

साई सरांनी मांडवाकडं पाहिलं, खुर्च्यांकडं पाहिलं. प्रतिभासिस्टरनी रांगेकडं पाहिलं. तेजश्री स्टाफमध्ये नव्हती आणि पेशंट म्हणून स्ट्रेचरवर बाप झोपला होता. ती कुणाच्याच मोजणीत नव्हती.

"वर हाय," नवनाथ म्हणाला. "तिच्या आईच्या जागी. तुम्हालाच पायजे व्हती ना तिथं? आता टाळ्या वाजवा."

मोठे डॉक्टर उठून उभे राहिले, काहीतरी बोलायला म्हणून, पण त्यांना माइक कुणी दिला नाही. बुशरा आधीच जिन्याकडं पळाली होती. जरा वेळानं ती तेजश्रीला घेऊन खाली आली. तेजश्रीच्या ब्लाउजच्या बाहीला गंज लागला होता आणि एका बोटातून रक्त येत होतं. ती येऊन बापाशेजारी उभी राहिली. पुरस्काराची ढाल टेबलावर तशीच राहिली. दोघं मांडवातून निघाली आणि पुतळ्याकडं चालत गेली. वाटेत नवनाथनं तिच्या बोटाला आपला रुमाल बांधला. विकली गेलीस म्हणालो ते चुकलं, असं तो म्हणाला. ती म्हणाली, हाय म्हाईत.

त्या दिवशी संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, सोमवारी माणसं लावून सगळे पलंग हलवतो, माझा शब्द.

आता जून चालू आहे. नवनाथ सुट्टीला येतो तेव्हा आधी दवाखान्यात जातो, मग घरी. तेजश्रीनं नोकरीला अजून हो म्हटलेलं नाही. पलंग हलवल्यावर सांगते, एवढंच तिनं कळवलं आहे. फ्रीज तेवढा भंगारवाल्यानं नेला. पलंग तिथंच आहेत. दुपारी कुलूप लागतं, चावी खाली वॉचमनकडं जाते. दार चार बोटंच उघडतं.